श्वास घेणारी पेटी

वेलांटीबाईंच्या हातून चूक झाली, असं कुणी सांगितलं असतं तर छापखान्यातल्या जुन्या माणसांनी सांगणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं. एकतीस वर्षं बाईंनी त्या छापखान्यात प्रुफं तपासली. ऱ्हस्व-दीर्घाची चूक त्यांना दुसऱ्या टोकाच्या टेबलावरून दिसायची. मधल्या सुट्टीत समोरचा माणूस डबा उघडून बसला, की डब्याखाली अंथरलेल्या जुन्या वर्तमानपत्रातली वेलांटी बाई पेन काढून सुधारायच्या आणि मगच आपला घास घ्यायच्या. त्यावरून हे नाव पडलं. खरं नाव पगारपत्रकात होतं, ते तिथेच राहिलं. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी जिन्यात भेटणारे शेजारीसुद्धा त्यांना वेलांटीबाईच म्हणत.

तर त्या बाईंच्या हातून चूक झाली. आणि चूक तरी कशी, चांगली सहा वर्षांची मेहनत पाण्यात गेली.

कशी गेली ते कळायला आधी त्यांच्या घरात यायला हवं. तिसरा मजला, दोन खोल्या, मागच्या बाजूला एक मोठी खिडकी. खिडकीबाहेर उंच भिंत आणि भिंतीपलीकडे एक झाड, त्याचा वरचा अर्धाच भाग दिसतो. दुपारी तीनच्या सुमारास ऊन त्या झाडातून गाळून आत येतं आणि खोलीभर पानांच्या सावल्या हलत राहतात. घर गप्प असतं. रेडिओ नाही, हाका नाहीत, भांड्यांचा काय होईल तेवढाच आवाज. नवख्या माणसाला वाटावं, दोघी बहिणींनी अबोला धरलाय. प्रत्यक्षात त्या दोघी त्या वेळी पोटभर गप्पा मारत असतात, हातांनी. बोलता बोलता हातांच्या सावल्या पानांच्या सावल्यांत मिसळतात, आणि पान कुठलं, बोट कुठलं, ते समजेनासं होतं.

दुसरी बहीण म्हणजे धाकटी. बाईंपेक्षा नऊ वर्षांनी लहान. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. त्या काळी अशा मुलांना शिकवणारं जवळपास कुणी नव्हतं, आणि लांब कुठे ठेवायला आईचा जीव तयार होईना. मग घरातच एक भाषा उगवली. बसून कुणी ठरवली नाही. वडिलांना कायमचा खोकला, म्हणून छातीवर दोन बोटं आपटली की वडील. डॉक्टर तपासताना भुवई उडवायचे, म्हणून एक भुवई वर गेली की डॉक्टर. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ दार असं आपटतात की जमीन हादरते, ते धाकटीला तळपायांतून कळतं; म्हणून तळहात पालथा करून एक झटका दिला की ते गृहस्थ. कानाची पाळी ओढली की ‘थापा मारू नकोस’. ही खूण बाईंच्या वाट्याला दिवसातून दोनदा तरी यायचीच.

ही भाषा बोलणारी माणसं एके काळी पाच होती. वडील गेले, आई गेली, मधली बहीणही गेली. उरल्या या दोघी, आणि त्यांतल्या एकीच्या काळजाची झडप नीट मिटत नव्हती.

ते पहिल्यांदा कळलं त्याला सहा वर्षं झाली. डॉक्टरांनी बाईंच्या पाठीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि दोन्ही भुवया उडवल्या. घरी येताना बाईंना मरणाची भीती वाटली नाही, खोटं कशाला सांगू. त्यांच्या मनात एकच गोष्ट आली: मी नसले तर हिला वाचणार कोण?

त्याच संध्याकाळी त्यांनी कोश सुरू केला. संगणकावर एक फाइल, तिचं नाव ‘खुणा’. आधी अनुक्रमांक, मग हात कुठे, बोटं कशी, चेहरा कसा, आणि शेवटी अर्थ. आकृत्या नाहीत, बाईंचा चित्रांवर विश्वास नव्हता, शब्दांवर होता. धाकटी छापखान्याच्या पत्रकांच्या घड्या घालायचं काम घरी आणायची. ती घड्या घालत समोर बसायची आणि बाई तिच्याकडे चोरून बघत लिहायच्या. कधी तिने एखादी जुनी खूण बदलली की बाई फाइलमध्ये बदलायच्या. एखादी खूण तिने वर्षभर केली नाही की काढून टाकायच्या. दर महिन्याला सगळं छापून कागदावर तपासायचं, दुरुस्त्या फाइलमध्ये घालायच्या आणि कागद फाडायचे. असं करता करता आकडा चारशे बारावर आला.

आता हे कागद फाडणं. ते छापखान्याचं बाळकडू होतं. फार पूर्वी तिथे एका नव्या माणसाने जुनं प्रूफ चुकून मशीनवर चढवलं होतं आणि चार हजार कॅलेंडरांत जूनला एकतीस दिवस निघाले होते. गिऱ्हाइकाने ती कॅलेंडरं मालकांच्या दारात आणून ओतली. तेव्हापासून मालकांचा नियम झाला: नवं प्रूफ हातात आलं की जुनं चार तुकडे करून टोपलीत. दोन प्रती एकाच वेळी जिवंत ठेवायच्या नाहीत. बाकीचे लोक विसरायचे. बाई कधीच विसरल्या नाहीत. घरीसुद्धा नवी किराणा यादी लिहिली की जुनीचे चार तुकडे व्हायचे.

म्हणूनच त्या पेटीशी त्यांचं पहिल्या दिवसापासून पटलं नाही. बाई निवृत्त झाल्या तेव्हा मालकांनी छापखान्यातला एक जुना संगणक त्यांना भेट दिला. तो घरी बसवून द्यायला आला वायरवाला. छापखान्याचे संगणक सांभाळणारा हा पन्नाशीचा गृहस्थ. त्याच्या दोन्ही खिशांतून वायरी लोंबत असायच्या. त्याने संगणकाशेजारी एक चपटी काळी पेटी ठेवली, तिला एक निळा दिवा होता, आणि तो हळूहळू उजळायचा, हळूहळू मंदावायचा. वायरवाल्याने समजावलं की ही पेटी दर तासाला आपोआप बॅकअप घेते. तुम्ही फाइलमध्ये काहीही बदला, आधीची प्रत हिच्या पोटात राहते. तुम्हाला काहीच करायचं नाही, फक्त प्लग काढायचा नाही.

बाईंना हे ऐकूनच कसंतरी झालं. सगळी जुनी प्रुफं जिवंत? आणि तीही तासातासाची? वायरवाला जिना उतरला तसा त्यांनी प्लग काढला. दुसऱ्या दिवशी बघतात तर लागलेला. परत काढला, परत लागला. हे काम कुणाचं ते सांगायला नको. धाकटी त्या दिव्यासमोर मांडी घालून बसायची आणि मूठ छातीशी धरून दिव्याबरोबर उघडायची, मिटायची. बाईंनी ती खूण इमानाने कोशात घातली: ‘मूठ छातीशी, सावकाश उघडमीट. दिव्याची नक्कल. अर्थ: काळी पेटी.’ आणि मग दोघींची एकदा चांगली जुंपली. बाईंनी डोळे वटारले, धाकटीने पाय आपटले. शेवटी बाईंनी पेटी उचलून खिडकीच्या लांब पडद्यामागे भिंतीशी ठेवून दिली, प्लग काढून. नजरेआड झाली, विषय संपला. याला आता चार वर्षं होत आली होती.

झडपेचं दुखणं मधूनमधून वाढत गेलं आणि शेवटी शस्त्रक्रियेचा दिवस ठरला. सोमवार. बाई दवाखान्यात असताना आणि नंतरही महिनाभर धाकटीला सांभाळायला मधल्या बहिणीची मुलगी येणार होती. भाची चांगली होती, पण लांब वाढलेली. धाकट्या मावशीसमोर ती अवघडून बसायची, उगाच मोठ्याने बोलायची, मग स्वतःच ओशाळायची. शनिवारी ती येईल तेव्हा कोश छापून तिच्या हातात द्यायचा, असं बाईंनी ठरवलं होतं. महिनाभरासाठी, असं त्या सगळ्यांना सांगत होत्या. कायमसाठी द्यावा लागला तर, हे त्या कुणाला सांगत नव्हत्या.

बुधवारी शेवटच्या दुरुस्त्या झाल्या. कागद फाडले. गुरुवारी दवाखान्यातून निरोप आला की रुग्णाची बहीण दिवसा खाटेजवळ बसू शकेल, तिच्या खुणा समजायला एखादं पान मिळालं तर बरं. एकच पान. बाईंनी ‘खुणा’ उघडली. पाणी हवं, दुखतंय, भीती वाटते, घरी जाऊ या, अशा वीस खुणा ठेवायच्या आणि बाकीचं उडवायचं. उडवण्यात बाईंचा हात कोण धरणार? दहा मिनिटांत एका पानाचा नेटका मजकूर तयार झाला. बाईंनी तो दोनदा वाचला, एक अनुस्वार दिला आणि काम संपल्यावर हात जातो तसा हात गेला. सेव्ह. त्याच नावाने. संगणक बंद केला आणि त्या झोपून गेल्या, दुपारची छान झोप लागली.

शुक्रवारी दुपारी सगळा कोश छापायला म्हणून फाइल उघडली, तर त्यात वीस खुणा.

बाई संगणकाच्या पडद्याकडे बघत राहिल्या. खाली-वर केलं. बंद करून उघडली. कचरापेटी पाहिली, ती रिकामी. असणारच, त्यांनी काही टाकलंच नव्हतं. जुन्यावर नवं लिहिलं होतं. नियमाने. चार तुकडे करून. त्यांच्या कपाळावर घाम आला आणि डाव्या हाताला मुंग्या आल्या. त्यांनी स्वतःला दटावलं की आत्ता नाही, सोमवारपर्यंत थांब.

मग त्या कागद-पेन घेऊन आठवेल तसं लिहायला बसल्या. त्रेसष्टाव्या खुणेला गाडी अडली. त्यांनी धाकटीला समोर बसवलं आणि नकला करून विचारलं, ताप आला की तू काय करतेस? गारा पडल्या की? शिडीवर चढायची भीती वाटली की? धाकटी हसायला लागली. तिला वाटलं, काहीतरी खेळ चाललाय. गारा नाहीत तर गारांची खूण कशाला? ताप नाही तर तापाची कशाला? तिने बाईंच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि कानाची पाळी ओढली. बाईंनी पेन खाली ठेवलं. या खुणा सहा वर्षं एकेक करून आपापल्या वेळेला येत गेल्या होत्या. अशा मागून त्या मिळणार नव्हत्या, आणि हातात तीन दिवस होते.

शेवटी त्यांनी वायरवाल्याला फोन लावला. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढलेल्या माणसाला आपली चूक सांगायची म्हणजे काय असतं, ते ज्याचं त्यालाच माहीत. पण त्यांनी सांगितलं, सगळं, अनुस्वारासकट. वायरवाला उलट निश्चिंत झाला.

“एवढंच ना, बाई? पेटी आहे की आपली. काढू बाहेर.”

“पेटी मी बंद करून ठेवलीय हो,” बाई म्हणाल्या. “चार वर्षं झाली.”

वायरवाला हळूच म्हणाला की मग अवघड आहे, पण जुनं काही असेल तर बघू, पेटी आणून जोडा तर खरं. त्याच्या आवाजावरून बाईंनी काय ते ओळखलं.

त्या उठल्या. पडदा बाजूला केला.

भिंतीशी एक बुटकं स्टूल होतं. ते तिथे कधी गेलं बाईंना माहीत नव्हतं. स्वयंपाकघरातून ते हरवलं म्हणून त्यांनी मागे आठवडाभर कटकट केली होती. स्टुलावर लोकरीच्या तुकड्याची घडी, घडीवर काळी पेटी. पेटीला कुणीतरी विणलेली राखाडी टोपी घातलेली, दिव्यापुरतं भोक सोडून. भोकातून निळा उजेड येत होता. हळूहळू वाढत होता, हळूहळू मिटत होता. प्लग भिंतीत घट्ट बसलेला, आणि तो कुणी ओढू नये म्हणून वरून जाड चिकटपट्टी. संगणकाकडे गेलेली वायर भिंतीच्या कडेने अशी चोरून नेलेली की वायरवाल्यानेही पाठ थोपटली असती.

बाईंनी मागे पाहिलं. धाकटी दारात उभी होती, दोन्ही हात पाठीमागे, आता बोलणी बसणार अशा चेहऱ्याने.

“अगं माझे आई,” बाई म्हणाल्या. त्या घरात ऐकू येणाऱ्या त्या एकट्याच होत्या, तरी मोठ्याने म्हणाल्या.

फोन अजून हातात होता. चालूच आहे हो पेटी, त्यांनी सांगितलं, आणि टोपीचंही सांगितलं. वायरवाला आधी काही समजला नाही, मग हसत सुटला. म्हणाला, टोपी आधी उतरवा, तापेल बिचारी. मग एकेक पायरी सांगत गेला. फाइलच्या नावावर जा. उजवं बटण दाबा. आधीच्या आवृत्त्या असं लिहिलेलं दिसेल. दिसलं? बाईंनी चष्मा पुसला. दिसलं. एकाखाली एक तारखा, वेळा, खाली खाली जाणाऱ्या. बुधवार, दुपारी चार, यावर टिचकी मारली. चारशे बारा. शेवटची वेलांटीसुद्धा जागच्या जागी. बाईंनी ती प्रत दुसऱ्या नावाने ठेवली, वायरवाल्याच्या सांगण्यावरून तिसऱ्या ठिकाणीही ठेवली, आणि फोन ठेवून दिला. मग त्या रडल्या. धाकटीने त्यांच्यापुढे पाणी आणून ठेवलं.

काम तिथे संपलं होतं. पण तारखांची ती यादी उघडीच होती, आणि दुपारचं ऊन नुकतंच खोलीत आलं होतं. बाईंनी सहज आणखी खालची एक तारीख उघडली. मग आणखी खालची.

त्या खाली खाली जात राहिल्या. तीनशे ऐंशी खुणा. तीनशे चाळीस. मागचा हिवाळा, त्याच्या मागचा. एकेक तारीख म्हणजे एकेक दुपार होती, आणि ती जशी सोडली तशी आत बसलेली होती. एका दुपारी त्यांनी ‘शिळी पोळी’चं ‘शिळी भाकरी’ केलं होतं आणि अर्ध्या तासाने परत ‘पोळी’ केलं होतं. एका दुपारी एकच ओळ अर्धी राहिली होती; त्या दिवशी चक्कर आली होती, त्यांना आठवलं. खाली जाता जाता त्यांनीच उडवलेल्या खुणा परत भेटायला लागल्या. शेजारच्यांचा कुत्रा, जीभ बाहेर आणि हात हलता. वडिलांची आरामखुर्ची. आईच्या बांगड्या, मनगटावर बोट फिरवून. भिंतीवर सावल्या हलत होत्या आणि बाईंना वाटायला लागलं, त्या झाडापलीकडे आपलं जुनं घर आहे, पाचही जणं टेबलाशी बसलीत, आणि कुणीच बोलत नाहीये, सगळे हातांनी गप्पा मारताहेत. मधली बहीणही होती तिथे: नाकाच्या शेंड्यावर तर्जनी, कारण तिचं नाक बारा महिने लाल. ती गेल्यावर धाकटीने ही खूण वर्षभर केली नाही, म्हणून बाईंनी काढून टाकली होती. कोशातून माणूस काढायला त्यांना एक टिचकी लागली होती. आता त्यांना स्वतःचाच राग आला.

सगळ्यात खालच्या तारखांपैकी एकीत, सतराव्या क्रमांकावर, एक प्रश्नचिन्ह होतं. ‘मूठ छातीशी, सावकाश उघडमीट. पहाटे, माझ्या खाटेशी उभी राहून. अर्थ: ऊठ? चहा कर?’ पुढच्या महिन्यात प्रश्नचिन्ह तसंच. त्याच्या पुढच्या महिन्यात सतरावी खूण नाही. बाईंना आठवलं. शंका असलेला मजकूर छापायला जाऊ द्यायचा नाही, असा त्यांचा शिरस्ता होता. अर्थ लागत नाही, तर काढा. आणि तीच खूण पुढे काळ्या पेटीसाठी आली, तेव्हा त्यांना वाटलं होतं, दिव्याची नक्कल.

बाईंनी धाकटीला जवळ बोलावलं. पेटीकडे बोट करून मूठ उघडली, मिटली. धाकटीने मान हलवली: हो, तीच. मग बाईंनी तीच मूठ केली आणि बोट स्वतःकडे केलं. मी?

धाकटीने त्यांच्याकडे असं पाहिलं, की एवढं साधं कसं कळत नाही. तिने गालाखाली हात घेऊन झोपल्यासारखं केलं. मनगटावर बोट फिरवलं: आई. परत झोप. मग स्वतःचा तळहात नाकापुढे धरला, थांबली, आणि दोन्ही हात रिकामे करून दाखवले. आई झोपेतच गेली होती. सकाळी सगळ्यांत आधी तिच्या खोलीत धाकटी गेली होती. आपल्याला ऐकू येत असतं, शेजारच्या खोलीतूनही कळतं की माणूस झोपलंय. धाकटीला कळत नाही. तिला जवळ जाऊन बघावंच लागतं. म्हणून त्या दिवसापासून रोज पहाटे ती बाईंच्या खाटेशी यायची, वाकून बघायची, आणि छातीशी मूठ उघडून-मिटून आपलं आपल्यालाच सांगायची: श्वास चालू आहे. बाईंना जाग आली तर त्या वैतागून उठून चहा टाकायच्या. पंधरा वर्षं.

आणि पेटीचाही श्वास चालू होता. बाई तो बंद करायच्या, धाकटी परत चालू करायची. यात तिच्या लेखी समजावण्यासारखं काहीच नव्हतं.

शनिवार सकाळपर्यंत बाईंनी फाइल पुन्हा लावली. या खेपेला काही उडवलं नाही. कुत्रा, खुर्ची, बांगड्या, सगळ्या परत आपापल्या जागी घातल्या. आकडा चारशे सत्तरच्या घरात गेला. सतराव्या क्रमांकावरचं प्रश्नचिन्ह काढून अर्थ लिहिला. भाची आली तेव्हा तिच्या हातात जाडजूड बाड ठेवलं आणि तिच्यासाठी म्हणून दोन प्रती काढल्या. दोन प्रती! छापखान्यातल्या कुणी पाहिलं असतं तर बाईंच्या तब्येतीची चौकशी केली असती.

भाची चहा पिता पिता पानं उलटत होती, जरा धास्तावूनच. एका पानावर ती थबकली. कप खाली ठेवला. मग तिने तर्जनी उचलून स्वतःच्या नाकाच्या शेंड्यावर ठेवली. घड्या घालणारी धाकटी हात थांबवून तिच्याकडे बघत राहिली. तिनेही तर्जनी नाकावर ठेवली आणि मग ती भाचीच्या नाकाकडे नेली, तेही लालच होतं. त्यानंतर भाची धाकट्या मावशीशी कधी मोठ्याने बोलली नाही.

सोमवारी सकाळी बाईंना आत नेलं. दिव्यांची रांग वरून सरकत गेली, कुणीतरी आकडे मोजायला सांगितले, बाईंनी ‘सतरा’पासून सुरुवात केली आणि पुढचं त्यांना आठवत नाही.

मग कितीतरी वेळ काहीच नव्हतं. मग उजेड आला, पापण्यांवर, पानांतून आल्यासारखा. अंग कुठे आहे ते कळत नव्हतं. डोळे उघडेनात. नळ्यांमुळे घसा बंद. पण कान जागे झाले होते, आणि कानांवर कागद उलटल्याचा आवाज आला. खूप जवळून, भराभर उलटले जाणारे कागद. मग भाचीचा आवाज, अडखळत, दुसऱ्या कुणाला तरी सांगणारा, बहुधा तिथल्या नर्सला.

“थांबा, ही खूण आहे यात. मूठ छातीशी, सावकाश... सापडली. मावशी म्हणतेय, ताईचा श्वास चालू आहे.”

बाईंनी डोळे उघडले. खाटेशी धाकटी वाकून उभी होती, मूठ छातीशी. पहिल्यांदाच तिचं बोलणं बाईंच्या आधी दुसऱ्या कुणीतरी वाचलं होतं, आणि बरोबर वाचलं होतं. बाईंच्या कानशिलांवर पाणी ओघळलं. त्यांनी मोठ्या कष्टाने उजवा हात उचलला, छातीवर पट्ट्या होत्या त्यांच्या वरच धरला, आणि मूठ उघडली, मिटली, उघडली.

धाकटीने मान हलवली. चुकलं. तिने बाईंची मूठ आपल्या हातात घेतली आणि तिला सावकाश उघडायला, सावकाश मिटायला लावलं, बरोबर येईपर्यंत.